गोधडीला चार कोपरे असतात

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून घेतले आहे.)



मला भाषणाची सवय नाही. महिला मंडळाच्या मुली म्हणाल्या, ‘‘काकू, तुम्ही गोधडीवर बोला.’’ मी म्हटलं, गोधडीवर बसायचं असतं, झोपायचं असतं, बोलायचं काय? पण त्या ऐकेनात. तर दहा-पंधरा मिनिटं सांभाळून घ्या.

आमच्याकडे, म्हणजे सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात, गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे, जे काही सुती कापड अंगाला नकोसं होईल ते घरात बोचक्यात बांधून ठेवायचं. बोचकं भरलं की वाकळ. बाळासाठी लहान केली तर ते दुपटं. आमच्या घरात विकतचं पांघरूण माझ्या लहानपणी नव्हतंच.

11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आईने आम्हा भावंडांना वाकळेसकट उचलून बाहेर आणलं एवढं आठवतं. नंतर कितीतरी दिवस धक्के बसत होते. घरात झोपायची कुणाची हिंमत नव्हती. सगळी आळी खळ्यावर उघड्यावर झोपायची, आणि डिसेंबरातली ती थंडी! आम्ही चार पोरं आजीच्या लुगड्यांच्या एका वाकळेत. आजी त्याच्या आधीच दोन वर्षं गेलेली होती.

शेजारच्या घराची भिंत पडली होती, अंथरूण-पांघरूण सगळं मातीखाली. तेव्हा आळीतल्या बायकांनी आपापल्या घरातून एकेक लुगडं आणलं आणि त्याच खळ्यावर बसून त्या घरासाठी दोन वाकळा शिवल्या. आम्हा पोरींचं काम सुईत दोरा ओवून देण्याचं. माझ्याबरोबर दोरा ओवणाऱ्या तीन मैत्रिणी होत्या. त्यांच्याविषयी पुढे सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांना बघितलं आहे.

1999 साली आम्ही ह्या सोसायटीत राहायला आलो. तेव्हा लिफ्ट चालू व्हायची होती. तीन मजले सामान चढवलं, त्यात ट्रंकेत आईने दिलेली वाकळ होती. आता खरं सांगते, मला तिची लाज वाटायची. पाहुणे यायचे असले की मी तिच्यावर सोलापुरी चादर अंथरायची. गोधडी म्हणजे गरिबी, असं कुठेतरी डोक्यात बसलेलं होतं. नवीन फ्लॅट, नवीन सोफा, त्यात ही चिंध्यांची वाकळ कशी शोभणार?

2011 मध्ये आमचे हे गेले. ते तुमच्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे होते, सोसायटीचे हिशेब त्यांनी सहा वर्षं बघितले. त्यांचे कपडे मी वर्षभर कपाटातून काढलेच नाहीत. सगळे सुती शर्ट, दुसरं कापड त्यांना चालत नसे. कुणी म्हणालं, दान करा. कुणी म्हणालं, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत. दोन्ही म्हणणारी माणसं माझ्या भल्याचंच सांगत होती. पण माझा हात त्या हँगरपर्यंत जाईना.

मग एक दिवस ठरवलं, गोधडी करायची. हॉलमधला सोफा सरकवला, खाली माझी सुती साडी अंथरली, मध्ये जुन्या साड्यांचे थर, आणि वर शर्टांचे तुकडे जोडून केलेली बाजू. आणि तिथेच अडकले. एक कोपरा ओढला की समोरच्या कोपऱ्यात चुणी पडायची. ती नीट करायला जावं, तर मधल्या थराला झोळ. कोपऱ्यांवर वरवंटा ठेवला, कुकर ठेवला, मिक्सर ठेवला, ह्यांची जुनी टेलिफोन डिरेक्टरी ठेवली. काही उपयोग नाही. दुपारी तीन वाजता त्या पसाऱ्यात बसून मी रडले, आणि गावाकडे मैत्रिणीला फोन लावला.

ती म्हणाली, ‘‘अगं, एका बाईचं काम हाय व्हय ते? थांब, आमी येतो.’’

पुढच्याच आठवड्यात तिघीही एसटीने स्वारगेटला उतरल्या. गेटवर वॉचमनने वही पुढे केली आणि कामाचं कारण विचारलं. एक म्हणाली, ‘‘वाकळ शिवायला आलोय.’’ त्याने इमानदारीत कारणाच्या रकान्यात ‘वाकळ’ लिहिलं. सेक्रेटरींनी संध्याकाळी मला विचारलं, हे कोणतं काम, परवानगी लागते का!

येताना त्यांनी घरचा तांदूळ, नाचणीचं पीठ, कुळीथ आणला होता. पाच दिवस राहिल्या. लिफ्टमध्ये एकटी जायला कुणी तयार नाही, गेल्या तर तिघी मिळून. सकाळी पाचला उठून माझ्या आधी चहा ठेवायच्या. आणि त्यांना सगळ्यात नवल कशाचं वाटलं असेल? बंद दारांचं. ‘‘दिसाढवळ्या दार कशापायी लावता गं?’’ म्हणून त्यांनी दार उघडं ठेवलं. बारा वर्षं ह्या इमारतीत राहूनही माझं दार दिवसभर कधी उघडं नसायचं. त्या पाच दिवसांत जिन्याने जाणारं येणारं माणूस डोकावून गेलं.

दिवंगत माणसाच्या कपड्यांचं मी त्यांना सांगितलं. तेव्हा त्यातली थोरली म्हणाली, ‘‘आजीच्या लुगड्याच्या वाकळंत तू भूकंपात झोपलीस. तवा आजी कुठं जित्ती हुती?’’ तो विषय तिथेच संपला.

आता कृती सांगते, कारण तरुण मुली विचारतात. आधी चौघींनी चार कोपरे धरून थर ताणायचे. मग मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. नंतर काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत फिरत फिरत मध्यभागी यायचं. दर वळणाला तळहाताने कापड पुढे सारत जायचं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. कापड जुनं, मऊ आणि सुतीच हवं. नव्याची खळ सुईला दमवते आणि नायलॉन थरांतून सरकतं. मी एकदा हिशेब केला होता. पाच फूट रुंद, सात फूट लांब गोधडी, ओळी पाऊण इंचावर, म्हणजे दीडशे मीटरच्या वर टाके होतात. एकटीला रोज दोन तास बसून महिना लागतो. चौघी बसल्या तर चार दिवस, तेही गप्पा मारत.

शर्ट कापताना एक खिसा त्यांनी मुद्दाम तसाच ठेवायला सांगितला. त्या खिशात घडी केलेली पावती निघाली. कसली? आपल्याच सोसायटीच्या मेंटेनन्सची! आम्ही चौघी इतक्या हसलो की समोरच्या दारातल्या वहिनी धावत आल्या. वर्षभरात मी तशी हसले नव्हते. पावती परत खिशात घातली आणि खिसा शिवून टाकला. ती गोधडी मी रोज पांघरते.

तेव्हापासून दर वर्षी भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की त्या येतात. आता दार उघडंच असतं. बी विंगमधल्या बंगाली वहिनींनी सांगितलं, त्यांच्याकडे हिला कांथा म्हणतात आणि साडीच्या काठाचेच रंगीत धागे सोडवून त्यांनी टाके घालायची जुनी पद्धत आहे. हुबळीच्या ताई म्हणाल्या, आमची कौदी. वाकळ, कांथा, कौदी ह्यांतलं कुठलं चांगलं ह्यावर एक दुपार गेली. निकाल लागला नाही, पण भजी झाली.

एक कडू गोष्टही सांगते, नाहीतर सगळं गोडच वाटेल. 2016 मध्ये दसऱ्याच्या आधी मी गावच्या रीतीने घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या. पाणी प्यायलेली गोधडी दोन माणसांना उचलत नाही. गच्चीत जागा नव्हती म्हणून बाल्कनीच्या कठड्यावर टाकली. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या परीटघडीच्या साड्यांवर सगळं मळकट पाणी गळलं. तक्रारवहीत नोंद झाली. चूक माझी होती. पण मी माफी मागायच्या ऐवजी ‘‘पाणीच आहे, विष नाही’’ असं बोलून बसले. त्या ताई आणि मी पुढे चार वर्षं जिन्यात एकमेकींकडे बघत नव्हतो.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्यांची आई परगावी गेली. त्यांना जाता आलं नाही. ते कळल्यावरही मी खाली गेले नाही, ह्याची टोचणी मला अजून आहे. पुढच्या वर्षी मैत्रिणी आल्या तेव्हा उघड्या दारात त्या ताई उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत आईच्या सहा सुती साड्या. म्हणाल्या, ‘‘मला शिवता येत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘कोपरा धरता येतो ना?’’ त्यांनी कोपरा धरला. माफी मी त्याच दिवशी मागितली, तीही थर ताणताना, खाली मान घालून. दसऱ्याआधीच्या दोन रविवारी गच्ची अंथरुणं वाळवण्यासाठी मोकळी ठेवायची, हा नियम पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही दोघींनी मिळून मांडला. तो अजून चालू आहे.

माझी मुलगी परदेशात असते. तिच्या मुलाच्या जन्माला मी गोधडी पाठवली होती. गेल्या वर्षी तिने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती तिने दिवाणखान्यात भिंतीवर टांगली आहे. पाहुणे कौतुक करतात म्हणे. मी म्हटलं, ‘‘आधी खाली काढ.’’ ती म्हणाली, ‘‘आई, फाटेल गं.’’ फाटू दे ना. फाटली की वर एक थर चढवायचा. आईने मला दिलेल्या वाकळेवर आतापर्यंत दोन थर चढले आहेत. आतला पहिला थर कुणाचा, ते आता मलाही नीट सांगता येत नाही. पुढच्या कॉलला नातू गोधडी गळ्याभोवती बांधून सोफ्यावरून उड्या मारत होता. मला बरं वाटलं.

गेल्या वर्षी तिघींतली थोरली गेली. ह्या वर्षी दोघीच येणार आहेत. त्यातल्या एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. थोरलीच्या सुनेने तिची दोन लुगडी त्यांच्याबरोबर पाठवते असा निरोप दिला आहे. ती वाकळ ह्या वर्षी करायची आहे.

म्हणून माझी विनंती ऐका. पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारपासून पाच दिवस 302 चं दार उघडं आहे. शिवता येत नसलं तरी या. मुलांना शाळा सुटल्यावर पाठवा, दोरा ओवायला बारीक डोळे लागतात. पुरुष मंडळींनीही यायला हरकत नाही, ओली गोधडी उचलायला तेच लागतात. जुनं सुती कापड घेऊन या, ज्याचं कुणाचं असेल त्याची गोष्टही घेऊन या.

चहा माझ्याकडे. थोरली धरायची तो कोपरा मात्र रिकामा आहे, तो धरायला कुणीतरी नक्की या.