इतिहासाच्या वर्गातून डॉक्टरकीकडे
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न : सायन्स की आर्ट्स? पंधरा-सोळाव्या वर्षी दिलेल्या या उत्तरावर मुलगी डॉक्टर होऊ शकेल की नाही, हे ठरून जाते. मी अमेरिकेत शिकले. पदवीला माझा मुख्य विषय इतिहास होता, आणि आज मी डॉक्टर आहे. हे कसे जमते आणि कोणाला जमत नाही, ते सांगते.

तिथे वैद्यकीय शिक्षण साधारणपणे चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते, आणि पदवी कोणत्याही विषयाची चालते. ‘प्री-मेड’ म्हणजे प्रवेशासाठी पुऱ्या करायच्या विषयांची यादी. बहुतेक वैद्यकीय कॉलेजे जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र प्रयोगांसह मागतात. पुष्कळ ठिकाणी जीवरसायनशास्त्रही. शिवाय एमकॅट ही परीक्षा. २०१५ पासून तिच्या चार भागांपैकी एक मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांवर बेतलेला आहे.

यात बुद्धीपेक्षा वेळापत्रक जास्त छळते. रसायनशास्त्र झाल्याशिवाय सेंद्रिय नाही, सेंद्रिय झाल्याशिवाय सहसा जीवरसायन नाही. ही साखळी अडीच वर्षे चालते, म्हणून रसायनशास्त्र मी पहिल्याच सत्रात घेतले. भौतिकशास्त्र मागेपुढे सरकवता येते. प्रयोगशाळेत आठवड्याची एक अख्खी दुपार जाते. त्या दिवशी इतिहासाचा मोठा तास ठेवायचा नाही. सेंद्रिय रसायन आणि इतिहासाचा प्रबंध एका सत्रात येऊ द्यायचे नाहीत.

पण प्रयोगशाळेची ती दुपार अनेकींची कामावर जाण्याची वेळ असते. माझ्याबरोबरच्या दोघी सेंद्रिय रसायनाच्या वर्षी गळाल्या. एक खानावळीत काम करून फी भरत होती, दुसरी धाकट्या भावंडांना सांभाळत होती. दोघी हुशार होत्या. पदवीनंतर हे विषय पुरे करायची सोय आहे, पण त्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात.

मग इतिहास शिकून डॉक्टरला काय मिळते? १९७७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, गर्भधारणा होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळावे, अशी सूचना केली. ती १९९३ मध्ये बदलली. झोल्पिडेम हे झोपेचे औषध बाईच्या शरीरात सकाळपर्यंत जास्त उरते. बायकांसाठी त्याची सुरुवातीची मात्रा दहा मिलिग्रॅमवरून पाचवर आणायला २०१३ उजाडले. ‘ही मात्रा कोणाच्या शरीरावर ठरली?’ हा प्रश्न विचारायला मी इतिहासाच्या वर्गात शिकले.

आपल्याकडे दार थोडे किलकिले झाले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केले की बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’ देता येईल. मात्र भौतिक आणि रसायन लागतेच. म्हणजे गणित घेतलेल्या मुलीला वाट मिळाली, भौतिक आणि रसायन न घेतलेली आर्ट्सची मुलगी बाहेरच राहिली.

म्हणून दोन कामे सुचवते. आपापल्या वस्तीतल्या नववी-दहावीच्या मुलींना ही माहिती निकालाआधी द्या. आणि जिला घरकामातून अभ्यासाला दुपार मिळत नाही, तिच्या घरी जाऊन ती दुपार मागून घ्या.