दिवेलागणीची जपमाळ



घाटंजीसारख्या कापसाच्या गावी मी वसईच्या कॅथलिक स्त्रियांविषयी बोलतो, याचे काहींना नवल वाटेल. परधर्मीयांचे उदाहरण म्हणून कोणी रागावू नये. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, परंतु त्यांनी आणिलेला धर्म घरोघर राहिला. तो कोणी राखिला? त्या पंथात स्त्रीस धर्मगुरूपद आजही नाही. चर्चमधील मिस्साही लॅटिनमध्ये चाले. लोकभाषेस व्यापक अनुमती व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली दिली. वाडीतील बाईची उपासना मात्र घरीच होती. भाजी व फुले घेऊन कित्येकजणी पहाटेच मुंबईचा बाजार गाठीत. परतल्यावर चूल, आणि दिवेलागणीस मुलांना भोवती बसवून जपमाळ: दहा दहा मण्यांची पाच दशके. पेंगणाऱ्या मुलास चिमटाही बसत असेल. मी शिक्षक, मला ते ठाऊक!

आमच्या मातोश्री कापूस वेचून परतल्यावर, हातपाय धुऊन, तुळशीपाशी दिवा लावीत. शुभंकरोती त्यांनीच शिकविली. मी मात्र धर्म पोथीतून शिकलो, असे वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. मातोश्रींचे नाव एकदाही घेतले नाही.