घर फुटलं, पट घटला; आता शाळा कशी राखायची?

(खानापूर भागातल्या एका पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मराठी शाळेचा विषय निघाला की आपल्याकडं दोन कारणं लगेच पुढं येतात. एक, सरकारचा कानडी रेटा. दोन, इंग्रजी माध्यमाची ओढ. दोन्ही खरी आहेत. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपली माणसं गोळीबारात गेली, त्यांना आपण दर १ जूनला अभिवादन करतो. त्यामुळं रेटा नव्हता, असं कुणी आपल्याला शिकवायला नको.

पण आज मला तिसऱ्या कारणावर बोलायचंय. त्याच्यावर आपण मोर्चा काढत नाही, कारण काढायचा कुणावर? ते कारण म्हणजे आपलं बदललेलं घर.

आठवून बघा, पंचवीस-तीस वर्षांमागं खानापूरच्या पश्चिम भागात घर कसं होतं. तीन-चार भाऊ, एक चूल, एक शेत. रोप लावणीला सगळे हात घरचेच. घरात पोरं सात-आठ, आणि ती सगळी एकाच शाळेत. आई शेतात गेली तरी आजी आहे, काकी आहे. पोराला शाळेत कोण सोडणार, परत आल्यावर भाकरी कोण घालणार, हा प्रश्नच नव्हता. मोठ्या भावंडाचं बोट धरून धाकटं जायचं. शाळेचा पट आपोआप भरायचा. त्यासाठी कुणाला भाषण द्यावं लागत नव्हतं.

आता वाटण्या झाल्या. जमिनीच्या झाल्या, चुलीच्याही झाल्या. एक भाऊ चोर्ला घाटानं गोव्यात उतरला. एक पुण्याला कंपनीत. एकजण उद्यमबागेत कामाला, मच्छे-पिरनवाडीकडं भाड्याच्या खोलीत. गावात म्हातारा-म्हातारी आणि एखादा भाऊ. मी कुणाला दोष देत नाही. पोट आहे, जावंच लागतं. पण यात शाळेचं काय झालं, त्याचा हिशोब कुणीतरी मांडला पाहिजे.

तर हिशोब मांडू.

राज्य पुनर्रचना झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं. त्याच वेळी, सातव्या घटनादुरुस्तीनं, ३५० अ हे कलम घटनेत आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करायचा, असं ते सांगतं. पण सोय द्यायची किती मुलांना? त्याचं माप त्याच्याही आधी ठरलेलं होतं. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. त्यात ठरलं की त्या भाषेची शाळेत किमान ४० मुलं असतील, किंवा एका वर्गात १० असतील, तर त्या भाषेतून शिकवायला निदान एक शिक्षक द्यायचा. ४० आणि १०. हे दोन आकडे इथल्या प्रत्येक पालकानं पाठ करावेत.

आता समजा, एका वाडीत १५ घरं आहेत. घरामागं शाळेच्या वयाची ३ मुलं धरली तर ४५ होतात. चाळीसच्या वर गेलो, शिक्षक मागायचा हक्क झाला. तीच ४५ मुलं पाच ठिकाणी गेली. वाडीत ९, बेळगावच्या एका उपनगरात ९, दुसऱ्यात ९, गोव्यात ९, पुण्यात ९. एकही मूल कमी झालं नाही. एकाही घरात मराठी बोलणं थांबलं नाही. तरी पाचपैकी एका ठिकाणीसुद्धा ना ४० भरतात, ना १०. कागदावर मराठी मूल नाहीसंच झालं!

मंडळी, म्हणून मी म्हणतो, आपल्या शाळांचा पट नुसता घटलेला नाही, तो विखुरलाय. घटलेला पट परत आणता येत नाही. विखुरलेला गोळा करता येतो. आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे.

आता ही विखुरलेली घरं तीन तऱ्हेची आहेत आणि तिन्हींची अडचण वेगळी आहे.

पहिली तऱ्हा, अख्खं बिऱ्हाड गोव्याला गेलेलं. तिथं भाषेची अडचण त्या मानानं कमी. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा मराठी आणि कोकणी माध्यमाच्या आहेत आणि त्यात मराठी शाळा भरपूर आहेत. पट घटल्यामुळं तिथल्याही शाळा बंद होत आल्यात, म्हणजे आपलं मूल गेलं तर त्या शाळेलाही आधारच. अडचण होते ती कागदाची. काम मिळालं की माणूस दिवाळीनंतर जातो, शाळेचं वर्ष निम्मं झालेलं असतं. दाखला गावात राहतो, जन्माचा कागद कपाटात राहतो आणि मूल सहा महिने खोलीवर बसून राहतं. इथं कायदा आपल्या बाजूचा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४. दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही, कलम ५. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतोय हे बघणं ही तिथल्या स्थानिक संस्थेची जबाबदारी, कलम ९. तेव्हा कुणी "जूनमध्ये या" म्हणून परत पाठवलं, तर परत येऊ नका. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

दुसरी तऱ्हा, बाप गोव्यात नाहीतर पुण्यात, आणि आई पोरांना घेऊन बेळगावात भाड्याच्या खोलीत. हे घर आपल्याकडं झपाट्यानं वाढलंय. शिक्षणासाठीच घेतलेली खोली, पण मूल जातं इंग्रजी शाळेत. आपण लगेच म्हणतो, "बघा, स्वाभिमान राहिला नाही." ओ दादा, जरा त्या ताईच्या जागेवरून बघा की. ती एकटी आहे. साडेआठला तिला कामावर पोचायचंय. नव्या वसाहतीपासून मराठी शाळा दोन-अडीच किलोमीटर, मधे मोठा रस्ता, आणि शाळा भरते दहाच्या सुमाराला. सासू गावात, जाऊ दुसऱ्या गावात. इंग्रजी शाळेची गाडी मात्र आठला दारात येते आणि संध्याकाळी दारात सोडते. ती माउली भाषा निवडत नाही, ती गाडी निवडते. आजी-काकी जे काम फुकट करत होत्या, ते काम ती गाडीवाल्याकडून पैसे देऊन करून घेते.

आणि इथं कायद्याचा तिढाही समजून घ्या. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि पुढची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. पण शाळा कुठल्या माध्यमाची, हे त्यात नाही. कन्नड शाळा एक किलोमीटरवर असली की नियम पाळला गेला. त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मातृभाषेतून शिकवण्याचं म्हटलंय, पण "जिथवर शक्य असेल तिथवर" असे शब्द घालून. त्या शब्दांत अधिकाऱ्याला सुटायला वाट मिळते. ती वाट बंद करायची तर आपल्या हातात यादी पाहिजे. यादीकडं मी परत येतो.

तिसरी तऱ्हा, आई-बाप दोघंही बाहेर आणि मूल गावात आजी-आजोबांकडं किंवा आजोळी. भाषेच्या दृष्टीनं हे मूल सगळ्यात श्रीमंत! म्हणी, नाती, शेतीतले शब्द, सणवार, सगळं त्याच्या तोंडी असतं. पण शाळेची चिठ्ठी कन्नडमधून आली तर आजीला वाचता येत नाही. शाळेच्या बैठकीला बोलावलं तर आजी म्हणते, "माझं काय काम तिथं? त्याचा बा आला की बघंल." बा येतो मे महिन्यात जत्रेला. तोवर शाळा सुधारणा समिती होऊन गेलेली असते.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शिक्षण हक्क कायद्यात पालक हा शब्द नुसत्या आई-बापापुरता नाही. ज्याच्या ताब्यात आणि देखभालीखाली मूल आहे, तोही कायद्यानं पालक. म्हणजे नातवाला सांभाळणारी आजी कायद्याच्या नजरेत पालक आहे. शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद आई-वडील किंवा पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका पाहिजेत, असं कलम २१ सांगतं. तेव्हा आजींनो, ती खुर्ची तुमची आहे. शिक्षकाची जागा रिकामी आहे, वर्षभर अतिथी शिक्षकावर चाललंय, शौचालयाला पाणी नाही, हे तुम्हीच ठरावात लिहायला लावायचं. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

आता कुणी म्हणेल, एवढा व्याप कशाला, कोर्टात जाऊन माध्यमाचा निकाल लावून घेऊ. तर तो निकाल लागलेला आहे. तोही कर्नाटकच्याच खटल्यात. १९९४ च्या धोरणानुसार कर्नाटक सरकार प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून सक्तीचं करू बघत होतं. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम सरकार लादू शकत नाही, निवड पालकांची. या निकालाला दोन बाजू आहेत. आपल्या मुलावर कन्नड माध्यम कुणी लादू शकत नाही, ही एक. आणि मराठी शाळेचे बाक कुठलाही कायदा आपल्यासाठी भरून देणार नाही, ही दुसरी. पहिली बाजू आपण सभेत सांगतो. दुसरी जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळी, आपल्याला गाठते.

कन्नड भाषेबद्दलही स्पष्ट बोलतो. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड हा विषय टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. मुलं कन्नड शिकतात, शिकू देत. इथं राहायचं, बाजार करायचा, नोकरी धरायची, तर आलंच पाहिजे. आमचं भांडण शिकण्याशी नाही. पहिलीतल्या पोराला मास्तर काय बोलतात तेच कळत नाही आणि ते मुकं होऊन बसतं, भांडण त्याच्याशी आहे.

मग करायचं काय?

पहिलं काम, यादी. गावाची नव्हे, मुलांची. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात आगाऊ नोंदणीची तरतूद आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी पालकांनी माध्यमाची मागणी नोंदवायची. त्याबरोबर शाळाशाळांमधल्या समायोजनाचीही सोय आहे, म्हणजे एका शाळेत मुलं कमी पडली तर जवळच्या शाळांतली मिळून एकीकडं वर्ग करायचा. विखुरलेल्या घरांवर यापेक्षा चांगला उपाय नाही, आणि आपण तो जवळजवळ वापरतच नाही. शिमग्यापासूनच वसाहतीवार यादी करा. मुलाचं नाव, वय, कुठल्या इयत्तेत जाणार, सध्या राहतं कुठं, सांभाळतं कोण. दहा नावं झाली की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना. हे आयुक्तपद घटनेच्या ३५० ब कलमानं दिलेलं आहे. आकड्यांसकट आलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

दुसरं काम, गाडी. दहा-बारा घरांनी मिळून एक रिक्षा नाहीतर टमटम लावायची. मराठी शाळेत फी नाही, तेवढ्या वाचलेल्या पैशात गाडी सहज बसते. माजी विद्यार्थी आणि तरुण मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतला थोडा भाग याला दिला, तर बाप्पा रागावणार नाही. जंगलातल्या वाड्यांसाठी मात्र सरकारकडंच मागायचं. लहान वस्तीत शाळा नसेल तर मोफत वाहन किंवा निवासाची सोय करावी, असं केंद्राच्या नमुना नियमांतच आहे.

तिसरं काम, शाळेच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास. सकाळी साडेआठ ते दहा, आणि संध्याकाळी आई येईपर्यंत. देवळाचा सभामंडप आहे, मंडळाची खोली आहे, गल्लीत निवृत्त गुरुजी, बाई आहेत. तिथं पोरांना बसवा. एकत्र कुटुंब परत येणार नाही. पण आजी-काकीचं काम गल्लीला वाटून घेता येतं. वाटण्या जमिनीच्या झाल्या, पोरांची जबाबदारी अजून एकत्र ठेवता येते.

चौथं, अंगणवाडी. माध्यम पहिलीत ठरत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षीच ठरतं. जिथं मूल बालपणी बसतं, तिथल्याच ओळखीनं पुढं जातं. यादी त्या वयापासून करा.

शेवटी एकच. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल कधी लागेल, ते आपल्या हातात नाही. पण आज पाच वर्षांचं असलेलं मूल निकालासाठी थांबणार नाही. ते जूनमध्ये सहा वर्षांचं होईल आणि कुठल्या ना कुठल्या शाळेत जाईल. निकाल आपल्या बाजूनं लागला आणि त्या दिवशी तो वाचून दाखवणारं मूल गावात नसलं, तर काय उपयोग?

सभा संपल्यावर दाराजवळ वही ठेवली आहे. घरी जाण्याआधी आपल्या आणि शेजारच्या मुलांची नावं लिहा. गोव्यातल्या भावाला, पुण्यातल्या दिराला आज रात्री फोन करा आणि त्यांच्याही पोरांची नावं कळवा. दहा भरली की थांबायचं नाही, चाळीसपर्यंत जायचं.

जय महाराष्ट्र!