बुटांवरचा राग
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "भाषण नको, तुमच्या धाकट्याचे काय झाले तेवढे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. आमच्या घरातली आरडाओरड तुमच्यापैकी काहींनी भिंतीपलीकडून ऐकलेलीच आहे. तेव्हा लपवण्यासारखे काही उरलेले नाही.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढे भोसरी, आकुर्डी, चाकण असे कारखाने वाढत गेले, आणि आपली घरे पाळ्यांवर चालू लागली. आमचे हे चाकणच्या बाजूला एका कारखान्यात प्रेसवर कामाला आहेत. पाळी बदलत असते. रात्रपाळीच्या आठवड्यात नऊ वाजता बूट काढले, की आमचा पाच वर्षांचा मुलगा पिसाळल्यासारखा करी. ताट ढकलणे, डबा फेकणे, बापाला लाथा मारणे. एकदा त्याने एक बूट पाण्याच्या पिंपात टाकला. हे ओल्या बुटाने कामावर गेले. त्या दिवशी मी त्याला असे मारले की गालावर बोटे उठली. तो रडला नाही. उरलेला दुसरा बूट पोटाशी धरून बसून राहिला. ते मला तेव्हा दिसले, पण कळले मात्र नाही.

सासूबाई म्हणत, लाडाने बिघडला. कोणी म्हणे दृष्ट लागली, तर मीठमोहऱ्याही ओवाळल्या. मग कोणीतरी सुचवले, तो झोपल्यावर किंवा त्याचा डोळा चुकवून निघत जा. आम्ही तसे केले आणि ती आमची सर्वांत मोठी चूक झाली. आता तो झोपायलाच तयार होईना. बाप मोरीत गेला तरी दाराशी पहारा! चाकणच्या तळेगाव चौकात गाड्या तुंबून सकाळी बसला उशीर झाला, तर बाप घरात शिरताच हा त्याच्या अंगावर धावून जाई. ज्याची वाट पाहिली त्यालाच मारायचे, हे काय गौडबंगाल आहे ते मला समजेना.

एके सकाळी हे रात्रपाळी करून झोपले होते. मी दळण घेऊन आले, तर हा त्यांच्या उशाशी बसून त्यांची बोटे मोजत होता. एक हात झाला, मग दुसरा. मोजून झाल्यावर गपचूप खेळायला गेला.

भगिनींनो, माझ्या हातून दळणाचा डबा पडायचाच राहिला होता. त्याच्या दोन महिने आधी आमच्या शेजारच्या भाऊजींची दोन बोटे एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली गेली होती. आम्ही चारचौघी माझ्याच उंबऱ्यावर बसून त्याची सगळी हकिगत बोललो होतो. रक्त किती गेले, बोटे सापडली की नाही, सगळे. हा तिथेच गाडी फिरवत होता. मुलांना काय कळते, असे आपल्याला वाटते. त्याला पुष्कळ कळले होते. फक्त बोलता येत नव्हते.

मी अंगणवाडीच्या ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, मांजर कोपऱ्यात सापडले की फिस्कारते, तेव्हा ते शूर नसते, घाबरलेले असते. लहान मुलाचेही तसेच. 'मला भीती वाटते' हे शब्द त्याच्यापाशी नसतात, म्हणून हातपाय चालतात. शिवाय मी म्हणते, मुलग्याला रागावलेले आपण चालवून घेतो, भ्यालेले चालवून घेत नाही. 'श्यामची आई'मध्ये श्याम पोहायच्या भीतीने लपून बसतो आणि आई त्याला मारते, पण निदान तिला त्याची भीती दिसत तरी होती. मला तीही दिसली नव्हती.

मग आम्ही चोरून निघणे बंद केले. जेवतानाच सांगायचे, आज बाबा रात्री जाणार, सकाळी तू दूध पिशील तेव्हा येतील, बस अडकली तर थोडे उशिरा. बूट काढून आणायचे काम त्यालाच दिले. निरोप मात्र आटोपशीर. दारात घोळ घातला की त्याची भीती वाढते, हे मी पाहिले आहे. ह्यांनी एका सुट्टीच्या दिवशी फरशीवर खडूने प्रेस काढून दाखवला. दोन बटणे दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय तो खाली येत नाही, म्हणजे हात आत राहूच नयेत अशी ती योजना. मुलाने दहा वेळा दाबून पाहिली. "बाबांना कधीच काही होणार नाही" असे वचन मी दिले नाही. ते माझ्या हातातले नाही, आणि खोटे तो ओळखतो. "बाबा जपून काम करतात" एवढेच म्हणते.

भाऊजींनी तर स्वतः त्याला जवळ बोलावून हात दाखवला. त्याने हळूच बोट लावून विचारले, "दुखते का?" ते म्हणाले, "आता नाही." आणि त्याच हाताने त्यांनी कपबशी उचलून चहा प्यायला. आमच्या सगळ्या समजावण्यापेक्षा त्या चहाचा उपयोग जास्त झाला असे मला वाटते.

राग येतो तेव्हा मी आता जवळ बसते, आवाज खाली ठेवते. मारायला आला तर हात धरते आणि म्हणते, "मारायचे नाही. तुला भीती वाटते आहे का?" ते मी कधीच चालू देत नाही, हेही सांगते. त्या क्षणी उपदेश काही कानात शिरत नाही. गरम चहावर फुंकर घालतो तशी लांब फुंकर घालायला आम्ही शांतपणी खेळात शिकवले होते, ती कधी उपयोगी पडते, कधी पडत नाही. मीही दोनदा हात उगारला. नंतर त्याला म्हटले, आईचे चुकले.

प्रत्येक राग भीतीचाच असतो असे नाही. भूक, अपुरी झोप, कोणी चिडवलेले, तेही पाहावे. पण आठवड्यामागून आठवडे मूल झोपत नसेल, खात नसेल, शाळेला जात नसेल, स्वतःला इजा करीत असेल, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवावे. सरकारचा टेलिमानस म्हणून फोन आहे, 14416. पैसे पडत नाहीत, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते. त्यात लाज कसली?

आता तो सहा वर्षांचा आहे, पहिलीत जातो. परवा रात्री बूट पुन्हा लपवले होते. मी विचारले, तर म्हणाला, "राग नाही आलाय, भीती आलीय." मग पलंगाखालून काढून त्यानेच आणून दिले.