ओसरल्यानंतरचा पूर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदप्रसंगी दुःखाविषयी बोलावयास उभे राहावे, हे काहीसे विसंगत वाटेल. पण संयोजकांनी विषयाचे स्वातंत्र्य दिले, आणि कृष्णाकाठच्या माणसाला अलीकडे दुसरे सुचत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पूर आम्हांला नवा नव्हता. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता आणि एवढा मोठा पूर पुन्हा येणे नाही, अशी स्वतःची समजूत घातली होती. २०१९ ने ती मोडली. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा घरात शिरले तेव्हा भिंतींबरोबर आणखी काहीतरी खचले. पंचनाम्यात धान्याचा, जनावरांचा, पडझडीचा रकाना असतो. श्रावणसरींची भीती वाटू लागली, त्याचा नसतो.

माझ्या परिचयाचे एक वृद्ध शेतकरी पाऊस लागला की रात्रीतून दोनदा बॅटरी घेऊन घाटावर जातात आणि पाण्याबाहेर उरलेल्या पायऱ्या मोजतात. जिला आयुष्यभर माय म्हटले तिच्यावरच पहारा ठेवावा लागतो, हे त्यांचे खरे दुःख. घर न सोडताच घर दुरावल्याच्या या वेदनेला ग्लेन आल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने २००३ मध्ये ‘सोलास्टॅल्जिया’ असे नाव दिले. हंटर खोऱ्यातील कोळशाच्या खाणींनी ज्यांचा परिसर पालटून टाकला, त्या लोकांच्या व्यथेवरून त्यांना हा शब्द सुचला.

ही भीती निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तापत चाललेला अरबी समुद्र त्यांना बाष्प पुरवतो. (नदीपात्रालगत आपणच उभारलेल्या इमारतींचा दोष आभाळावर ढकलू नये, हेही ओघाने सांगतो.) म्हणून घाबरलेल्या माणसाला ‘काही होत नाही हो’ म्हणणे मला दयेचे नव्हे, आळसाचे वाटते.

इष्टाचा वियोग आणि अनिष्टाचा संयोग यांच्या चिंतेत मन अडकून राहणे याला आपल्याकडे आर्तध्यान म्हणतात व ते त्याज्य मानतात. मात्र त्या शब्दाचा आधार घेऊन दुःखिताला गप्प बसवू नये. दाबून ठेवलेले दुःखच अधिक घोळत राहते.

त्याच ऑगस्टच्या १८ तारखेला आइसलँडमध्ये सुमारे शंभर माणसे ‘ओक’ नावाच्या नष्ट झालेल्या हिमनदीचा शोक करण्यासाठी डोंगर चढून गेली आणि तेथे त्यांनी एक धातूचा फलक बसवला. त्याने बर्फ परत आले नाही. पण काय गमावले, ते चारचौघांत उच्चारता आले. आपल्याकडे मृत्यूनंतर घरी जाऊन बसण्याची रीत आहे. पूर ओसरल्यावर मात्र आपण धान्याची पाकिटे देऊन लगबगीने परततो. पाकिटे हवीतच, पण घटकाभर बसणेही हवे.

नदीकाठच्या एका घरातील मुलीने मला विचारले होते, “सर, पुढच्या पुरात पुन्हा भिजायचेच आहे, तर घर रंगवायचे कशाला?” मला उत्तर देता आले नाही. पुढे तिच्या गल्लीतील बायकांनी एक काम केले. अंथरुणाला खिळलेले माणूस कोणाकडे आहे, कोणाची जनावरे आधी हलवायची, कागदपत्रे कोणाच्या माडीवर ठेवायची, याची यादी त्यांनी उन्हाळ्यातच तयार केली. पाऊस त्यामुळे कमी झाला नाही. पण रात्री जागणाऱ्याला आपण एकटेच जागे नाही, एवढे कळले.

गेल्या दिवाळीत त्या घराला रंग लागला. २०१९ च्या पाण्याची रेघ तेवढी त्या मुलीने रंगवू दिली नाही. आल्यागेल्याला ती रेघ दाखवते, आणि कोणी थांबले तर त्या आठवड्याची सारी हकीकत सांगते. मीही ती दोनदा ऐकली आहे.