हार्ट फेल्युअर : देशोदेशीचे उपचार आणि आपण



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहे आणि पदवी कला शाखेची आहे. म्हणून औषध सुचविण्याचा अधिकार मला नाही. परंतु आकडे वाचण्याची सवय आहे, आणि आजचे आकडे घरोघर पोहोचावेत असे मला मनापासून वाटते.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. "हार्ट फेल झाले" असे ऐकले की माणूस गेला, असेच आपण समजतो. डॉक्टरांच्या भाषेत मात्र हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय चालू असते, पण शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास ते कमी पडते. पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, रात्री सपाट झोपता येत नाही. असा रोगी योग्य उपचारांनी अनेक वर्षे जगू शकतो. पण तो कोणत्या देशात राहतो, यावरही त्याचे आयुष्य अवलंबून असते.

२०१७ साली १६ देशांतील ५,८२३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. एका वर्षात चीनमध्ये शंभरातले ७ रुग्ण दगावले, दक्षिण अमेरिकेत ९, भारतात २३ आणि आफ्रिकेत ३४. २०२३ साली ४० देशांतील २३ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी आली. या आजारासाठी रुग्णालयात प्रथम दाखल झाल्यानंतर तीस दिवसांत श्रीमंत देशांत शंभरातले सुमारे ७ रुग्ण दगावले. भारत ज्या निम्न-मध्यम उत्पन्न गटात येतो तेथे २१, आणि गरीब देशांत जवळजवळ ३२. वय, इतर आजार व चालू औषधे यांचा फरक हिशेबातून वजा केला, तरीही ही तफावत उरलीच. म्हणजे दोष केवळ रोगाचा किंवा रोग्याचा नाही. उपचारांची व्यवस्था कोठेतरी अपुरी पडते.

आपल्या देशात आरोग्यसेवेत पुढारलेले राज्य केरळ. तेथे त्रिवेंद्रम जिल्ह्यात २०१३ साली १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. वर्षभरात त्यांतील सुमारे ३० टक्के दगावले. ज्यांच्या हृदयाची आकुंचनाची ताकद घटली होती, त्यांतील चारपैकी एकालाच घरी जाताना शिफारशीप्रमाणे पूर्ण औषधे मिळाली होती.

ही औषधे अलीकडची किंवा दुर्मीळ आहेत काय? नाही. एनालाप्रिल या गोळीचा नॉर्वे, स्वीडन व फिनलंड येथील प्रयोग १९८७ सालचा. त्यात अतिगंभीर रुग्णांचे सहा महिन्यांतील मृत्यू ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. आज ही गोळी जेनेरिक नावाने स्वस्तात मिळते.

२०२२ साली १४ देशांत झालेल्या आणखी एका प्रयोगात नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते. घरी सोडल्यावर रुग्णाला आठवड्यात तपासणीस बोलावले, जुन्याच औषधांचे प्रमाण दोन आठवड्यांत वाढवीत नेले आणि वारंवार लक्ष ठेवले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले.

मित्रहो, कर्ज मंजूर झाले म्हणजे व्यवहार संपत नाही. हप्ते सुरू होतात. डिस्चार्ज कार्डाचेही तसेच आहे. सूज उतरली, बरे वाटले, की पैसे वाचविण्यासाठी आपण गोळ्या थांबवितो. तेथेच घात होतो.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. परवडत नसेल तर तसे स्पष्ट सांगा आणि स्वस्त पर्याय मागा. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले तर दवाखाना गाठा. घरी आल्यावर आठवड्याच्या आत तपासणीस जा.

संस्थेने एक वजनकाटा घ्यावा. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील अशा एकेका रुग्णाची वही सांभाळावी. श्रीमंत देशांची रुग्णालये आपण उद्या उभारू शकणार नाही. पण रुग्णाची विचारपूस करण्याची व्यवस्था याच आठवड्यात उभी करू शकतो.