पायमोज्यांची मानवंदना

(रेझांग ला येथील हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, १८ नोव्हेंबर रोजी, महिला मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



भारतमातेच्या प्रतिमेपुढे फुलांऐवजी पायमोजे रचून ठेवलेले पाहून आजच्या पाहुण्यांना नवल वाटले असेल. पायात घालायची वस्तू देवीपुढे ठेवावी का, यावर आमच्याही बैठकीत बराच खल झाला. अखेर एका ज्येष्ठ भगिनीने भरताची आठवण करून दिली. रामरायाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षे राज्य चालविणारा भरत ज्या देशात झाला, त्या देशात आपण हा प्रश्न विचारावा काय? चर्चा तिथेच संपली.

१९६२ साली मी आठ वर्षांची होते. पुण्यात पानशेतच्या पुराला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते आणि आमच्या वाड्यातील निम्म्या बिऱ्हाडांकडे धड पांघरुणे नव्हती. २० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच दिवाळी आली. त्या वर्षी फराळाचे डबे भरले गेले नाहीत. वाड्यातील बायका ओटीवर बसून जवानांसाठी विणू लागल्या. देशभर असेच चालले होते. कोणी स्वेटर, कोणी मफलर, कोणी पायमोजे. नवी लोकर आणायला आईजवळ पैसे नव्हते, म्हणून तिने वडिलांचा एकुलता एक स्वेटर उसवला. उसवलेली लोकर कुरळी असते. ती भिजवून, दांडीवर टांगून, खाली पाण्याचा तांब्या बांधून सरळ करावी लागते. मग मी दोन्ही हात पुढे करून लडी धरायची आणि आई गुंडा करायची. आईला सख्खा भाऊ नव्हता. “ही माझी भाऊबीज,” एवढेच ती म्हणाली.

दोन जोड झाले. गठ्ठा गेल्यावर त्या रात्री आईला झोप आली नाही. एका मोज्यात टाचेपाशी लोकर तुटली होती आणि तिने घाईत तिथे गाठ मारली होती. “गाठ टाचेखाली आली तर त्याच्या पायाला फोड येईल,” हे ती पुढे कित्येक वर्षे म्हणत असे. ते मोजे कोणाच्या पायी गेले, गेले की कुठल्या गोदामात पडून राहिले, हे आम्हांला कधीच कळले नाही.

मोठी झाल्यावर वाचले, तेव्हा आईची ती हुरहूर किती योग्य होती हे कळले. नेफामध्ये नामका चू नदीकाठी सातव्या ब्रिगेडचे जवान उन्हाळी सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे केले गेले होते. त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी चिन्यांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले आणि सुटून आल्यावर त्यांनी ही सारी कहाणी लिहून ठेवली. दिल्लीत बंधुभावाच्या घोषणा दिल्या जात होत्या आणि हिमालयात जवानाच्या पायांत लोकरीचा मोजा नव्हता. भावनेला तोटा नव्हता, सिद्धतेचा होता. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ साली सादर झाला. सरकारने तो अधिकृतपणे देशापुढे ठेवलेला नाही, मग सत्तेवर कोणताही पक्ष असो. आपल्या विचारांच्या माणसांनीही हा प्रश्न आपल्या माणसांना विचारला पाहिजे, असे मला वाटते.

आता रेझांग ला. लडाखमधील चुशूलच्या आग्नेयेची ही खिंड १६,००० फुटांहून उंच आहे. तेथे १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी मोर्चे बांधून होती. कंपनीतील जवान बहुतेक सारे आजच्या हरियाणातील अहीर, सपाट प्रदेशात शेती करणाऱ्या घरांतले. मेजर शैतानसिंह त्यांचे नायक, जोधपूरकडचे. मध्ये डोंगराचा कडा आड येत असल्याने आपल्या तोफांचा मारा त्यांच्या मदतीला पोहोचू शकत नव्हता. १८ नोव्हेंबरच्या पहाटे चिनी लाटा आल्या. हातांत जुन्या .३०३ रायफली, तरी कोणी मोर्चा सोडला नाही. जबर जखमी झालेल्या मेजरसाहेबांना दोघा जवानांनी उचलून न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा आपल्याला एका खडकाच्या आडोशाला ठेवून निघून जाण्याची आज्ञा त्यांनी केली. १२० पैकी ११४ जण धारातीर्थी पडले.

यापुढचा भाग सांगताना माझा आवाज आजही अडखळतो. जे मोजके जवान परत आले, त्यांच्या सांगण्यावर पुष्कळांचा विश्वासच बसला नाही. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लतादीदींनी कवी प्रदीप यांचे गीत गायिले आणि सारा देश रडला. त्या क्षणी रेझांग लाचे वीर बर्फाखाली जसेच्या तसे होते, आणि ते कसे लढले हे देशाला ठाऊक नव्हते! फेब्रुवारीत एक मेंढपाळ त्या बाजूला गेला आणि मग शोधपथक पोहोचले. खंदकांत जवान गोठलेले सापडले. कित्येकांच्या हातांतून शस्त्र सुटलेले नव्हते. शुश्रूषा करणाऱ्या जवानाच्या हातांत इंजेक्शनची सुई आणि पट्टी तशीच होती. मेजर शैतानसिंहांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मी मात्र विचार करते ती त्या तीन महिन्यांचा. घरोघरी आया वाट पाहत होत्या आणि इकडे आपण पराभव विसरायच्या घाईत होतो.

म्हणून गेल्या गुढीपाडव्याला आपल्या मंडळाने ११४ जोड विणायचे ठरविले. एका वीराच्या नावे एक जोड. ३१ भगिनींनी नावे वाटून घेतली, प्रत्येकीने आपापल्या वीराचे नाव कापडी पट्टीवर लिहिले. आजपर्यंत ९७ जोड पूर्ण झाले आहेत.

हे जोड सीमेवर पाठवावेत अशी आपली इच्छा होती. मी एका निवृत्त सेनाधिकाऱ्यांना विचारले. ते नम्रपणे पण स्पष्ट म्हणाले, “ताई, आज उंचावरच्या जवानाला अनेक थरांचा विशेष पोशाख आणि खास मोजे सैन्य पुरविते. १९८४ पासून सियाचिनने आपल्याला शिकविले आहे की शत्रूच्या गोळीपेक्षा थंडी अधिक माणसे नेते. तिथे हौसेच्या वस्तू चालत नाहीत.” काही भगिनी हिरमुसल्या. मला मात्र, खरे सांगते, आनंद झाला. ज्या देशात जवानाला आईच्या उसवलेल्या स्वेटरची वाट पाहावी लागत नाही, तो देश पाहायला आई असायला हवी होती.

मग हे जोड कोणासाठी? आपल्या शहरात पूर्वांचलातील मुलींचे वसतिगृह आहे. तेथील काही मुली अरुणाचलच्या, म्हणजे त्याच पूर्वीच्या नेफातील आहेत. सुटीत त्या घरी जातात तेव्हा तिकडे कडाक्याची थंडी असते. त्यांच्या पावलांची मापे आपण घेतली आहेत. उरलेले जोड त्यांच्या घरच्यांना जातील. नावाची पट्टी मात्र मोज्याला शिवायची नाही, सोबत द्यायची. मुलीने ती वाचावी आणि जपून ठेवावी.

दोन शब्द विणकामाविषयी, कारण परवा तपासणीत मी सात जोड परत केले आणि काहींना राग आला आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. सुताचे तसे नाही. तेव्हा स्वस्त म्हणून सुती मिश्रण घेऊ नका. टाच आणि चवडा इथे लोकरीबरोबर नायलॉनचा धागा धरा, नाहीतर वर्षभरात भोक पडेल. आणि चवड्याचे टाके ओढून बांधायचे नाहीत, दाभणाने एकेक जोडायचे, म्हणजे आत वळ राहत नाही. या जोडणीला इंग्रजीत किचनेरचे नाव आहे. तोच किचनेर, जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याचे बाकी काही आपल्याला नको. टाका चांगला आहे, तो ठेवू.

परत केलेल्या सातांपैकी पाचांत गाठी होत्या. लोकर संपली तर जुने आणि नवे टोक आठ-दहा टाके एकत्र विणा. गाठ मारू नका.

अजून १७ जोड राहिले आहेत. पुढच्या बुधवारी दुपारी ४ वाजता माझ्या घरी या. दोन्ही टोकांना अणी असलेल्या सुया घेऊन या, पाचही आणा. ज्यांना टाच वळविणे जमत नाही त्यांना मी शिकवीन. चष्मा विसरू नका.

भारत माता की जय.